गावपळण, राख आणि आईची कवळी

गावपळणीच्या तारखा ठरल्या की वीज कंपनीला पत्र लिहायचं काम माझ्याकडे असे. मी ग्रामपंचायतीत लिपिक होतो, अक्षर बरं होतं आणि कामाला नाही म्हणायची सवय नव्हती. पत्राचा मजकूर दर वेळी तोच. अमुक तारखेपासून तीन दिवस सगळा गाव वेशीबाहेर राहणार आहे, गावात कोणीही असणार नाही, सबब मीटर वाचायला माणूस पाठवू नये, आणि काही कामं अडली असतील तर ती याच दिवसांत उरकून घ्यावीत. शेवटचं वाक्य मी माझ्या डोक्याने घातलं होतं. आपण किती व्यवहारी आहोत असं मला ते लिहिताना वाटायचं.

आचऱ्याच्या बाजूच्या काही गावांत ही रीत आहे. तीन-चार वर्षांनी देवाचा कौल घेतात, ढोल वाजतो आणि दुपारपर्यंत सगळा गाव रिकामा होतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळं वेशीबाहेर. माळावर माडाच्या झावळ्यांच्या झापांच्या झोपड्या उभ्या राहतात. तीन दिवस, तीन रात्री गावात कोणी पाऊल टाकायचं नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल झाला की परत यायचं. मुंबईहून रजा काढून माणसं येतात. पत्ते चालतात, भजनं चालतात, आणि एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊ एका चुलीवर जेवतात. तुमचा यावर विश्वास आहे का, असं मला बाहेरची शहाणी माणसं विचारतात. विश्वासाचं मला सांगता येत नाही. पण ते तीन दिवस मला आवडतात, आणि जे आवडतं त्याचा पुरावा मी मागत नाही.

आता राखेचं सांगतो. आमच्या जिल्ह्यात कोळसा जाळत नाहीत. वीज तारेतून येते आणि तिच्यामागे कुठेतरी राख साठते, हे आम्हाला माहीत असायचं काही कारण नव्हतं. गावाच्या वरच्या अंगाला सडा आहे, नुसता कातळ. तिथे कंपनीने उपकेंद्र बांधायला घेतलं. जागा खोलगट होती, भराव हवा होता आणि माती मिळत नव्हती. म्हणून लांबच्या औष्णिक केंद्रातली राख डंपरने येऊ लागली. हातात घेतली तर पिठासारखी मऊ, फुंकर मारली की उडून जाणारी. भराव पुरा झाला तरी डंपर थांबले नाहीत. उरलेली राख शेजारच्या पडीक चिरेखाणीत ओतायला लागले. चिरे काढून झालेला मोठा चौकोनी खड्डा तो, कोणाच्याच उपयोगाचा नाही, असं सगळ्यांना वाटलं.

पावसाळ्यात खाण भरली. राख आणि पाणी मिळून करडा रबडा झाला. कंत्राटदाराला अजून राख ओतायची होती आणि त्यासाठी पाणी काढायचं होतं. त्याला ते व्हाळात, म्हणजे ओढ्यात, सोडायचं होतं. ग्रामसभेत आम्ही साफ नाही म्हटलं. खाणीखालून जाणारा व्हाळ थेट आमच्या मळ्यात उतरतो. कंपनीचा अभियंता सभेला आला होता, माझ्या मुलाच्या वयाचा, नीटनेटका, पुस्तकात असतं तसं मराठी बोलणारा. त्याने सांगितलं की पाणी व्हाळात सोडलं जाणार नाही. मी म्हटलं, साहेब, हे लिहून द्या. सरपंच माझ्यावरच डाफरले, साहेब तोंडाने बोललेत ना, मग तुला कागद कशाला? कागद राहून गेला.

त्या मळ्यात पहिले कुणगे, म्हणजे भाताचे वाफे, आमचे. आमचे म्हणजे आईचे. वडील गेल्यावर तिने ते एकटीने राखले होते. पाऊस सरला की वाडीतली माणसं मिळून व्हाळावर माती-दगडांचा बांध घालतात, पाणी अडवतात आणि त्या पाण्यावर वायंगण करतात, म्हणजे थंडीतलं भात. मळ्याच्या कडेला आमची विहीर आहे, कठडा गुडघ्याएवढा. एप्रिलमध्ये वाडीतल्या इतर विहिरी तळाला जातात तेव्हा अर्धी वाडी तिथे पाण्याला येते. आईला त्याचा गर्व होता. बोलून दाखवायची नाही, पण कोणी पाण्याचं कौतुक केलं की ती कौतुक करणाऱ्याला लगेच पोळे खायला बसवायची.

त्या वर्षी गावपळण मार्गशीर्षात आली. भाताच्या रोपांचा तरवा बोटभर वर आला होता. आईने त्याला पाणी दाखवलं, गाय सोडली आणि आम्ही निघालो. पहिल्या संध्याकाळी झोपडीत जेवायला बसलो तर आई जेवेना. बोलेही ना. पदर तोंडावर धरून नुसती बसलेली. बायकोने खोदून विचारलं तेव्हा कळलं की कवळी घरी राहिली, स्वयंपाकघराच्या खिडकीत, वाटीतल्या पाण्यात.

पेज खाऊन तीन दिवस काढता आले असते. प्रश्न खाण्याचा नव्हता. कवळीशिवाय आईचे शब्द पांगतात, आणि ते चारचौघांत पांगलेले तिला खपत नाहीत. अख्ख्या माळावर तिच्या वयाच्या बायका गप्पा हाणत होत्या, तीन-चार वर्षांतून एकदा भेटणाऱ्या, आणि ही तोंडावर पदर घेऊन गाईजवळ बसलेली. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. मला ते बघवेना. आईचा मला राग आला, कवळीचा आला, थोडा देवाचाही आला.

दुपारी सगळे जेवून आडवे झाल्यावर मी परसाकडे जातो असं सांगून निघालो. रस्त्याने गेलो असतो तर कोणीतरी बघितलं असतं, म्हणून सड्यावरून वळसा घेतला. तिथे चिरेखाणीच्या कडेला जेसीबी उभा होता आणि खाणीचा व्हाळाकडचा काठ तोडत होता. दोन-तीन माणसं बाजूला उभी होती. चालकाने मला पाहिलं आणि ओळख असल्यासारखा हात वर केला. मीही केला. काठाला खाच पडली होती आणि करडं पाणी खाली झिरपायला लागलं होतं.

इथे मी काय केलं ते स्पष्ट सांगतो. मी काही केलं नाही. ओरडलो नाही, कारण ओरडलो असतो तर मी तिथे होतो हे कळलं असतं. पाणीच आहे, जाईल व्हाळातून, अशी मनाची समजूत घातली. खाली उतरून घर गाठलं. रिकामा गाव दिवसाउजेडी कसा असतो ते मी तेवढं एकदाच पाहिलं. स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकून मीच दचकत होतो. खिडकीतून हात घालून वाटी घेतली, कवळी रुमालात बांधली, खिशात घातली आणि आलो तसा परत गेलो. मळ्यात गेलोच नाही. व्हाळाच्या बांधाचे चार दगड लाथेने पाडले असते तरी तो रबडा मळ्याला न शिवता पुढे खाडीकडे निघून गेला असता. हे मला तेव्हा सुचलं नाही की सुचूनही मी केलं नाही, ते आज सांगता येत नाही.

आईला म्हटलं, पिशवीच्या तळाला होती बघ. तिने माझ्याकडे पाहिलं, कवळी बसवली, जीभ फिरवली आणि म्हणाली, “बरा झाला.” संध्याकाळपर्यंत तिचा आवाज माळाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत होता.

चौथ्या दिवशी गाव परत आला. आमचा मळा करडा झाला होता. बांधाने पाणी अडवलं होतं, पाटाने ते कुणग्यांत पसरवलं होतं, आम्हीच वर्षानुवर्षं करून ठेवलेली व्यवस्था. तरव्याचं एक पातं दिसत नव्हतं. वीतभर राख बसली होती आणि वर पाण्याचा पातळ थर चमकत होता. विहिरीचा ठेंगणा कठडा ओलांडून रबडा आत गेला होता. आईने कळशी सोडली, वर काढली, आत पाहिलं आणि ती तिथेच ओतून टाकली. ती रडली नाही. “ह्या कोणी केल्यान?” एवढंच विचारलं, आणि ते माझ्याकडे बघून विचारलं असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला. तलाठी आले, कंपनीचा तो अभियंता आला, वाडी जमली. अभियंत्याने सांगितलं की अवकाळी पावसाने खाणीची कड आपसूक खचली. पाऊस म्हणजे पळणीच्या पहिल्या दिवशी पडलेले चार थेंब, त्यांनी अंगणातली धूळही बसली नव्हती. वर जाऊन पाहिलं तर जेसीबी गेलेला आणि खाचेचे दोन्ही काठ पाण्याने खाऊन गोल झालेले. तलाठ्यांनी विचारलं, प्रत्यक्ष पाहणारं कोणी आहे का? लोक एकमेकांकडे बघायला लागले. पळणीत गावात कोण असणार? हे आम्हाला माहीत होतं, आणि माझ्या पत्रामुळे कंपनीलाही माहीत होतं.

पंचनामा मीच लिहीत होतो, अक्षरामुळे. तलाठ्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं: प्रत्यक्षदर्शी, कोणीही नाही. आई चार हातांवर उभी होती.

मी घाबरलो ते दोन गोष्टींना. पळण मोडली हे कबूल करणं आमच्या गावात साधं नाही. त्याहून मोठी भीती वेगळी होती. लोक आधीच कुजबुजत होते की कोणीतरी वेशीच्या आत आला, देव कोपला, म्हणून हे झालं. मी तोंड उघडलं असतं तर कंपनीला साक्षीदार मिळण्याआधी गावाला गुन्हेगार मिळाला असता. मग जेसीबी कोणी आणला हे कोणी विचारलंच नसतं.

महिन्याभराने कंपनीचं उत्तर आलं. नैसर्गिक आपत्ती असल्याने राख हटवण्याची जबाबदारी कंपनीवर येत नाही. सोबत आमच्याच पंचनाम्याची प्रत, साक्षीदार नसल्याच्या ओळीखाली पेनाने रेघ मारलेली. माझंच अक्षर मला परत आलं होतं. पंचायतीतर्फे त्याला मी उत्तर लिहिलं, त्यावर त्यांचं उत्तर आलं, पुन्हा मी लिहिलं. हे चाललं असताना आई रोज सकाळी शेजाऱ्यांच्या विहिरीवर कळशी घेऊन जायची. ज्यांना तिने उन्हाळेच्या उन्हाळे पाणी दिलं होतं त्यांनी तिला कधी उणा शब्द ऐकवला नाही. पण ती मान खाली घालून जायची आणि मान खाली घालून यायची. मळ्यात राख वाळून तिला भेगा पडल्या. वारा सुटला की ती उडून घरात यायची, भांड्यांवर बसायची. आई न बोलता भांडी पुन्हा घासायची. कवळी तोंडात असूनही ती बोलेनाशी झाली होती.

तेवढ्याने मी ठरवलं. धैर्य वगैरे काही नव्हतं, घरातली ती शांतता मला सोसत नव्हती.

तहसीलदारांनी दोन्ही बाजूंना शाळेच्या सभागृहात बोलावलं होतं. त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि मी उभा राहिलो. म्हटलं, मी पाहिलं, पळणीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी. काठ खचला नाही, जेसीबीने तोडला.

अभियंता उठला. “पंचनामा तुमच्याच अक्षरात आहे ना?”

“हो.”

“त्यात प्रत्यक्षदर्शी कोणीही नाही असं लिहिलंय. मग तुम्ही खोटं तेव्हा लिहिलंत की आता बोलताय?”

“तेव्हा लिहिलं.”

“आणि सगळा गाव बाहेर असताना तुम्ही आत कशाला गेला होता?”

आईचं नाव भरसभेत कसं घेऊ? सगळे माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला.

“माझी कवळी हाडूक गेल्लो तो.” आई उभी होती, पदर खांद्यावर, तोंड उघडं. “माका म्हायत हुता. कवळी मिया पिशयेत घातलीच नाय हुती. तरी घेतलंय मी, आणि दोन दीस जेवलंय. त्येका इचारतास तर माका पण इचारा.”

कोणीतरी मागे हसलं आणि लगेच गप्प झालं. मी खाली बघत होतो. इतके दिवस ती माझ्याच तोंडून ऐकायची वाट बघत होती हे मला तिथे, त्या बाकावर कळलं. मला इतकी लाज वाटली की आजही ते लिहिताना हात थांबतो.

मग मी पिशवीतून माझ्या पत्राची प्रत काढली. गावात कोणीही असणार नाही, अडलेली कामं याच दिवसांत उरकून घ्यावीत. खाली कंपनीच्या कार्यालयाचा आवक शिक्का होता. तहसीलदारांनी ती दोनदा वाचली आणि अभियंत्यापुढे सरकवली. त्याने वाचली आणि परत सरकवली. पुढच्या पंधरवड्यात आदेश निघाला की मळा, विहीर आणि खाण, तिन्ही ठिकाणची राख कंपनीने उचलावी.

गावाचा हिशेब वेगळा होता, तो देवळात झाला. पुढच्या सोमवारी मला नारळ घेऊन बोलावलं. म्हाताऱ्या मानकऱ्यांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं. “मेल्या, एका कवळेसाठी?” एवढं विचारून त्यांनी गाऱ्हाणं घालायच्या आधी मला सांगितलं, काय चुकलं ते देवाला तुझ्या तोंडाने सांग, आडवळण नको. मी सांगितलं की मी पळण मोडली, पाणी सुटताना पाहिलं आणि गप्प राहिलो, पंचनाम्यात खोटं लिहिलं. माझं चुकलं. मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, चुकलंमाकलं पदरात घे म्हणाले, आणि सगळ्यांनी “व्हय म्हाराजा” म्हटलं. त्यात आईचाही आवाज होता. राख माझ्यामुळेच आली असं मानणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. माझा एक चुलतभाऊ पुढचं सगळं वर्ष माझ्याशी बोलला नाही. पण देवळातून घरी येताना आई रस्ताभर बोलत होती, कोणाच्या सुनेचं, कोणाच्या गाईचं, आणि मी ऐकत होतो.

राख उचलायला पावसाळा तोंडावर आला. विहीर तीनदा उपसली. मळ्यातली वरची माती गेली, आणि पहिली दोन वर्षं भात खुरटंच आलं. विहिरीचं पाणी तपासून दिलं, चांगलं आहे असा कागदही दिला. वाडीतल्या बायका हळूहळू पुन्हा कळश्या घेऊन यायला लागल्या.

काम संपलं त्या दिवशी तो अभियंता स्वतः आला. हातात छापील कागद होता: काम समाधानकारकरीत्या पूर्ण झाले असून माझी काही तक्रार नाही. खाली आईच्या सहीची जागा. आई चौथीपर्यंत शिकलेली, पण चष्म्याचा कंटाळा, म्हणून तिने मला वाचायला लावला. मी वाचला. तिने पुन्हा वाचायला लावला. मग विचारलं, “ह्यात आमचा चुकला असा खंय आसा?”

मी म्हटलं, तसं नाही लिहिलेलं.

“ह्येणा देवळात सांगल्यान,” ती माझ्याकडे बोट दाखवून त्याला म्हणाली. “सगळ्यांफुडे. तुमचा खंय आसा?”

अभियंत्याने मळ्याकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच त्याची भाषा बदलली. तो कणकवलीच्या बाजूचा निघाला. “चुकला, आये,” तो म्हणाला. “पाणी सोडुचा नाय म्हणान मीच सांगल्लंय. माका वरसून फोन इल्लो, आणि मी गप ऱ्हवलंय.”

आईने त्याला पायरीवर बसवलं, पाण्याचा तांब्या दिला आणि तो पिऊन होईपर्यंत थांबली. मग कागद त्याच्या पुढ्यात ठेवला.

“ह्याच लिवन दी. मगे मी सही करतंय.”

त्याने पेन हातात घेतलं. त्याचं टोपण त्याने काढलं होतं, हे मला नक्की आठवतं. मग त्याने ते परत लावलं आणि म्हणाला, कार्यालयात विचारून येतो. जाताना तो तिच्या पाया पडला.

तो आला नाही, त्याची बदली झाली. कागद अजून आमच्याकडे आहे, तांदळाच्या डब्यामागे, सही नसलेला. सही नाही म्हणून कंपनीच्या दप्तरी आमची तक्रार मिटलेली नाही, आणि न मिटलेली तक्रार म्हणे त्यांना वरती दाखवावी लागते. म्हणून वर्षाकाठी दोनदा-तीनदा फोन येतो. दर वेळी नवा आवाज, दर वेळी तेच गोड बोलणं: राख उचलली, विहीर साफ केली, आता फक्त आजींची सही तेवढी राहिली. मी काही उत्तर देत नाही. फोन धरा म्हणून सांगतो आणि आईला हाक मारतो. ती आता फार थकली आहे, दिवसातला बराच वेळ पडून असते, आणि कवळी वाटीत असते. ती उठून बसते, कवळी बसवते, जीभ फिरवून ती नीट बसली का ते बघते, आणि मग फोन कानाला लावून विचारते,

“लिवलंस?”